उरलेले दोनशे घोडे

"ताई, तुम्हीच सांगा," लाल गाडीचा मालक म्हणाला. "सहाशे घोडे पेलतील ना तुमच्या भावाला?"

ताईच्या हातातला पाना थांबला. विचारण्यात तसं वावगं काही नव्हतं. मालकाच्या ड्रायव्हरचं मनगट ऐनवेळी मुरगळलं होतं, मोठी शर्यत तोंडावर आली होती, आणि सकाळच्या छोट्या शर्यतीत ताईच्या धाकट्या भावानं, बारक्यानं, सगळ्यांना मागे टाकलं होतं. तेही ताईनं बांधलेल्या सहाशे घोड्यांच्याच, म्हणजे सहाशे अश्वशक्तीच्याच गाडीत. निदान बारक्याची आणि पिटमधल्या सगळ्या मेकॅनिकांची तशी समजूत होती.

खरं काय ते एकट्या ताईला ठाऊक होतं. ते दांडगं इंजिन बारक्याच्या हट्टापायी तिनंच बसवलं होतं, आणि बसवल्या दिवशीच संगणकातून त्यातले दोनशे घोडे दाव्याला बांधून टाकले होते. बारक्याचा हात चांगला, पण पाय उतावळा. पॅडल तळापर्यंत दाबलं तरी गाडी चारशेच्या वर उसळत नसे, म्हणून वळणावर मागची चाकं घसरत नसत. बारक्याला वाटे, आपण गाडी माणसाळवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ताईही गप्प राहिली. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं बघायला तिला आवडायचं, हेही खरंच.

तिनं बारक्याला टायरांच्या ढिगामागे नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

तो हसला. "मागच्या वेळी ब्रेक गेलेत म्हणालीस. त्याच्या आधी टायर. आता घोडेच पळवलेस? पुढच्या खेपेला निदान हॉर्न तरी बिघडव."

"तेव्हा खोटं बोलले रे, भीती वाटायची म्हणून. हे खरंय. वळण संपायच्या आत पाय तळाला नेतोस ना तू, ते त्या गाडीत चालायचं नाही. गर्रकन फिरेल ती."

"पण ते तर तूच शिकवलंस."

शिकवलं नव्हतं. फक्त कधी नडू दिलं नव्हतं. हे ती त्याला सांगणार, तोवर तो हेल्मेट उचलून निघालाही.

ती तशीच मालकाकडे गेली. "गाडी त्याला देऊ नका. त्यानं सहाशे कधी चालवलेच नाहीत."

मालकानं समजुतीनं मान हलवली. "बहिणीची माया कळते मला. पण घड्याळाला माया नसते, ताई. जिथे माझा ड्रायव्हर कचरतो, तिथे हा पाय उचलत नाही. मला असाच माणूस हवाय."

लाल गाडी चाचणीच्या फेरीला सुटली. सरळ पट्ट्यावर तिचा आवाज चढत गेला तशी माणसं कठड्याशी गोळा झाली. कुणीतरी शिट्टी मारली.

पहिल्या वळणाशी ब्रेक लागला, आवाज खाली आला. अगदी हवा तिथे, हवा तेवढाच. हात चांगलाच होता पोराचा. आता तो वळणाच्या मध्यावर आला असेल. ताईनं डोळे मिटले, आणि आपला उजवा पाय जमिनीवरून उचलून अधांतरी धरला.

आवाज पुन्हा चढू लागला, आणि चढतच गेला. वळण अजून संपलं नव्हतं, आणि बारक्याचा पाय तळाला गेला होता.