पहिल्या सभासदाची जागा

दयारामला कुठे पुरायचं, हे दुपारचे बारा वाजले तरी ठरलं नव्हतं.

त्याची बायको आशाबाई चर्चच्या पायरीवर बसून होती. दाराशी इंद्रभान पाळक आणि मंडळीतले तीन-चार जण हळू आवाजात बोलत होते, पण बोलण्यातून नवं काही निघत नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वहीत ज्या मोठ्या माणसाचं नाव नाही, त्याला चर्चच्या कबरस्तानात जागा नाही. हा नियम गोऱ्या साहेबांनी घालून दिलेला. साहेब केव्हाच विलायतेला गेले, नियम मात्र इथेच ठाण मांडून बसला होता.

"बाई, माझ्या हातात असतं तर मी नाही म्हटलं नसतं," पाळक म्हणाले. ते जानेफळहून सायकलवर आले होते, वयाने तिच्या मुलासारखे. "पण पुढच्या महिन्यात मंडळीला पन्नास वर्षं पुरी होतात. बाहेरची माणसं येतील, वही बघतील."

"मले दुसरं काई नाई पायजे," आशाबाई म्हणाली. "माही कोकिळा तिथं निजली हाय. नऊ वर्साची पोर. बापाले तिच्याजवळ ठेवा, बस."

दोष दयारामचाच होता, हे साऱ्यांना ठाऊक होतं आणि आशाबाईला सगळ्यांत जास्त. उभा जन्म माणूस दर रविवारी चर्चमध्ये आला, शेवटच्या बाकावर बसला. प्रभुभोजनाचं ताट समोर आलं की हात न लावता शेजाऱ्याकडे सरकवायचा. कोणाचा बाप्तिस्मा असला की हौदात साठ-सत्तर घागरी पाणी हाच आणून ओतायचा. त्या पाण्यात स्वतः उतरायचं नाव काढलं, की मात्र घोडं अडायचं.

आशाबाईने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. "एका डुबकीचं काम हाय, काऊन इतकं जिवावर येते?" तो हसायचा. म्हणायचा, "मानूस एकदाच बुडते, आशा."

चार दिवसांपूर्वी तापात त्याचं अंग फणफणत असताना तिने शेवटचा हट्ट केला. खाटेसकट हौदापाशी नेते म्हणाली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, तशी ती संतापून बोलून गेली, "मंग मेल्यावर पोरीपासून दूर पडसान." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. आता ते बोलणं तिचं काळीज कुरतडत होतं.

आतल्या पहिल्या बाकावर पुंजाजी मास्तर बसले होते. दयारामचे धाकटे भाऊ, मंडळीचा कारभार पाहणारे डीकन, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. लहानपणी दोघा भावांना उभं केलं तर धाकटा कोणता, थोरला कोणता, हे शेजाऱ्यांनाही सांगता येत नसे. पन्नाशीसाठी मंडळीचा इतिहास लिहायचं काम मास्तरांकडेच होतं, कारण तो सुरूच त्यांच्यापासून होत होता. १९१४ साली दौऱ्यावरचा एक साहेब एका रात्रीपुरता मुक्कामाला आला. गाव वाळीत टाकेल या धास्तीने भल्या पहाटे पैनगंगेच्या डोहावर त्याने पहिला बाप्तिस्मा दिला. काठावर बघायला मोठा भाऊ तेवढा होता. वहीतलं पहिलं नाव: पुंजाजी. त्याच नावावर त्यांना शाळेची नोकरी मिळाली आणि पुढे कबरस्तानातली पहिली जागा त्यांच्यासाठी दगड रोवून राखली गेली. कोकिळा गेली तेव्हा तिला त्या दगडाशेजारी ठेवायचा आग्रहही त्यांचाच.

इतिहास मात्र सहा महिन्यांत पहिल्या पानापुढे सरकला नव्हता. मास्तर पोरांना धडे द्यायचे आणि स्वतःचा गृहपाठ राहतो, अशी चेष्टा चाले.

आज सकाळपासून ते अवाक्षर बोलले नव्हते. आशाबाईला ते सहन होईना. ती उठून आत गेली.

"भाऊजी, तुमी तरी बोला. सख्खा भाऊ होता तुमचा."

पुंजाजींनी मान वर केली. "त्याले माह्या जागेवर ठेवा," ते पाळकांना म्हणाले.

"मास्तर, आणि तुमचं?"

"मले नदीकाठ चालते."

पाळकांनी थोडा विचार केला. जागा सभासदाची होती आणि सभासद ती राजीखुशीने देत होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते लगेच कुदळी-फावड्यांच्या सोयीला लागले.

चार वाजता माती दिली. गीत म्हटलं, प्रार्थना झाली. भाऊ असावा तर असा, असं जो तो म्हणत होता. किसनराव सुतार तर मास्तरांचा हात धरून रडला. मास्तर मान खाली घालून उभे होते. स्तुती ऐकवत नाही, एवढा साधा माणूस, असं लोकांना वाटलं.

सगळे पांगल्यावर आशाबाई मास्तरांच्या पायांशी वाकली.

"भाऊजी, हे उपकार मी कसे फेडू? यायनं जन्मभर हट्ट केला, अन् तुमी आपली जागा सोडली."

पुंजाजी दोन पावलं मागे सरले.

"पाया नोका पडू, वहिनी." "त्या पहाटे मी पान्याले भेलो. साहेबानं माह्यं नाव पुकारलं, अन् डोहात दादा उतरला."