आवतणाचं कडवं

धोंडूबाईची आई धवलारीण होती. लग्नाचे विधी तिच्या गाण्यांवर चालत. तिच्या एकुलत्या एका कॅसेटमध्ये शेवटचं कडवं राहून गेलं होतं, घरातल्या मेलेल्यांना मांडवात बोलावण्याचं. चाळीस वर्षांनी, आई हयात नसताना, धोंडूबाईच्या भाच्याने, भाविकने, भिवंडीच्या स्टुडिओत ते कॉम्प्युटरकडून तिच्याच आवाजात पुरं करून घेतलं आणि स्वतःच्या हळदीला लावलं. आईने नाव घ्यावं आणि धोंडूबाईने त्या मेलेल्याचा विडा पाटावर ठेवावा. बापाचा ठेवला, भावाचा ठेवला. मग आईने हाक मारली, "धोंडू, ये गं." विडा धोंडूबाईच्या मुठीतच चुरगळला. "अरं, जित्या माणसाचं नाव कशाला घातलंस?" "आत्या, लग्नपत्रिकेतली सगळीच टाकली. कोणी राहायला नको!" "बंद कर ते!" ती ओरडली. तेवढ्यात आईने पुढचं नाव घेतलं, "भाविक, ये रे." "आलो गं आजी!" हळदीने माखलेल्या भाविकने हसत पाटावर स्वतःचा विडा ठेवला.