आजचे आभार

मस्कतच्या गाला भागात गॅरेजमध्ये राबणारा चंद्रहास ‘आजचे आभार’ हा ऑनलाइन ग्रुप चालवायचा. सगळे टोपणनावाने रोज देवाचे आभार मानायचे आणि ॲडमिन म्हणून तो प्रत्येकाला न चुकता उत्तर द्यायचा. ‘अबोली’ म्हणजे चिपळूणला राहणारी आपली बायको विद्याच, हे त्याने फोटोतल्या झोपाळ्यावरून ओळखलं होतं. तो त्यानेच टांगलेला. तिला मात्र ॲडमिन कोण, याचा पत्ता नव्हता.

गुरुवारी अर्बाबने, म्हणजे गॅरेजच्या मालकाने, सुट्टी नाकारली. फोनवर विद्या हुंदके देत राहिली, "म्हणजे आणखी एक वर्ष?" त्यालाच तिची समजूत घालावी लागली.

तासाभराने अबोलीने लिहिलं, "देवाने माझं ऐकलं. यंदा हे येणार नाहीत. आभार!"



चंद्रहासने नेहमीचं उत्तर टाइप केलं, "छान, ताई. असंच मन मोकळं करत राहा."