पंखा तेवढा बदल

कॉम्प्युटरचा जुना डबा गेला, हे दुर्गाप्रसादला सोमवारी दुपारी उमेंद्रच्या दुकानात कळलं. त्याच्या राईस मिलचा म्हणून जो कॉम्प्युटर काउंटरवर उभा होता, तो काळा, चकचकीत होता आणि त्याच्या तोंडात निळा दिवा जळत होता.

"बसा मावसाजी. पूर्ण नवा कॅबिनेट टाकून देला. पेन ड्राइव्ह समोरूनच लागते, मागं वाकाचं काम नाही. बाजूचा पत्रा बिना पेचकसचा, हातानंच निघते. पंखे दोन. एकदम झकास!"

दुर्गाप्रसादने बोटाने ठोकून पाहिलं. पत्रा थरथरला.

"पंखा तेवढा बदल म्हटलं होतं मी."

"डबाच सडला होता ना मावसाजी. आत कोंडाच कोंडा. तुमची एक फाइल इकडची तिकडं नाही झाली."

राईस मिलच्या ऑफिसात कोंडा उडणारच. म्हणून त्याच्या बायकोने, शामकलाने, आपल्या जुन्या हिरव्या पातळाचा तुकडा कापला, नाडी ओवली आणि डब्याच्या तोंडावर बांधला. दर रविवारी सोडून धुवायची, वाळला की पुन्हा बांधायची. कॉम्प्युटरचा कोर्स करताना उमेंद्र या मावशीकडेच राहिला, तिच्याच हातचं जेवला. तिच्या जुगाडावर पोट धरून हसायचा.

पोळ्यानंतर ती गेली. शेवटची गाठ तिच्या हातची, म्हणून दुर्गाप्रसादने ती सोडली नाही. कापड धुळीने भरलं, हवा कोंडली, पंखा जळाला. डबा दुकानात देताना त्याने हे सगळं उमेंद्रला सांगितलं होतं. बाजूने उघड, समोरच्या गाठीले हात लावू नको. उमेंद्रने मावशीची शपथ घेतली होती.

"जुना डबा कुठं आहे?"

उमेंद्र वायर गुंडाळू लागला. "बिरसी गावचा एक जण घेऊन गेला. त्याले जुनाच पाहिजे होता. असा जाड पत्रा आता येत नाही म्हणे."

"आत्ता तं सडला म्हणत होता."

"तुम्ही बी ना मावसाजी! हे पहा, याले जाळी कंपनीचीच आहे. कापड बांधाचं झंझटच खतम."

जाळी नीट दिसावी म्हणून त्याने काउंटरखालून फडकं काढलं आणि धूळ पुसली. फडकं हिरवं होतं. कडेला हाताची शिवण होती. नाडी कात्रीने कापलेली होती, पण गाठ तशीच होती.

दुर्गाप्रसादने ते त्याच्या हातातून घेतलं.

"फडकं काऊन घेऊन राहिले? नवं देतो ना."

"याच पातळाच्या पदराले हात पुसत होता तू, जेवून उठला का."

उमेंद्रची मान खाली गेली. निळा दिवा जळत राहिला.

कॉम्प्युटर अजून दुकानातच आहे. कापड घरी खुंटीला आहे. धुवायचं राहिलं आहे.