तीन हजार मीटरची ॲडमिशन

गव्हाणकर सरांनी फॉर्म आधीच भरून ठेवला होता. जिजाची फक्त सही व्हायची बाकी होती.

“हजेरीची काळजी करायची नाही,” सर खुर्चीत मागे रेलत म्हणाले. मुंबईतल्या एका नामवंत कॉलेजचे ते क्रीडा संचालक. पळण्याविषयी फार जोशात बोलत आणि बोलताना सहसा उठत नसत. “लेक्चरला बसलीस, नाही बसलीस, ते आम्ही बघून घेऊ. दोन ट्रॅकसूट, परदेशी बूट, रोज चार अंडी, अर्धा लिटर दूध. तू फक्त पळायचं.”

“पलंल ना! अख्ख्या जूचंद्र गावात कोन नाय असा पलनारा,” शांतारामकाका म्हणाला.

हा तोच काका. पाच वर्षांपूर्वी जिजा पहाटे मिठागराच्या बांधावरून धावायला लागली, तेव्हा पोरीच्या जातीला हे शोभतं काय म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. मग राज्य शालेय स्पर्धेत तीन हजार मीटरला ती दुसरी आली, पेपरात फोटो छापून आला, आणि काकाच्या मते पोरीच्या जातीला सगळंच शोभायला लागलं. ते कात्रण त्याने लॅमिनेट करून घेतलं. आता तो ते पिशवीत घालून फिरायचा आणि वाणसामान घेतानाही दुकानदाराला दाखवायचा. नव्याण्णवच्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला, त्या दिवसापासून तर तो तिचा मॅनेजरच झाला होता.

दुसरं कॉलेज वसईतलं. तिथल्या खेळाच्या शिक्षिका, आल्बिना मिस, आठवड्यापूर्वी स्कूटरवरून घरी आल्या होत्या. त्यांनी दाखवलेली आमिषंही ऐकण्यासारखी होती. मैदानात सप्टेंबरपर्यंत पाणी असतं, तोवर रस्त्यावर धावावं लागेल. बुटांसाठी अर्ज केलाय, मंजूर झाला तर दिवाळीनंतर मिळतील. हजेरी पंचाहत्तर टक्के लागेल. आणि नापास झालीस, तर पास होईपर्यंत स्पर्धा बंद.

स्कूटर वळणापलीकडे गेल्यावर काका म्हणाला होता, “ही बाय ॲडमिशन देते का सजा?” सगळे हसले होते. जिजाही हसली होती.

त्यामुळे निवड अवघड नव्हतीच. जिजाने पेन उचललं.

समोरची भिंत फोटोंनी भरलेली होती. त्यातल्या नऊ फोटोंत एकच मुलगी होती, रीमा. जिजाने तिला दोन वर्षांपूर्वी वसईतल्या एका शर्यतीत रस्त्याकडेला उभं राहून पाहिलं होतं. शेवटच्या चढावर दोघीतिघींना मागे टाकून ती अशी निघून गेली होती, की त्या रात्री जिजाने आईला विचारलं होतं, मी पण तशी दिसते का पळताना?

“रीमाताई आता काय करतात, सर?”

“रीमा! काय मुलगी होती! युनिव्हर्सिटीचं रेकॉर्ड अजून तिच्या नावावर आहे.”

“हो. पण आता काय करतात?”

सरांना प्रश्न कळेना. “आता? आता तिची कॉलेजकडून खेळायची एलिजिबिलिटी संपली ना. मागच्या वर्षीच.” दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचावी तसं ते म्हणाले.

चहाचे कप उचलायला आलेला शिपाई मध्येच बोलला. “एप्रिलमध्ये आली होती ती, सर. तीन विषय राहिलेत तिचे. नोकरीला पदवी मागतात म्हणत होती. दोन तास बाकावर बसली बाहेर. तुम्ही मीटिंगमध्ये होता.”

“हो का? सांगायचं ना मग,” सर म्हणाले, आणि जिजाकडे वळले. “हां, तू सही कर गं...” त्यांनी फॉर्मवर नजर टाकली. “...जिजा.”

जिजाने पेनाला टोपण लावलं.

“काका, मला विचार करायचाय.”

“विचार?” काका उडालाच. “पलायला विचार लागतो काय?”

घरी पोचेपर्यंत तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. त्या नामवंत कॉलेजकडून जिजाला मिळालेली सवलत ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी ती बापाबरोबर वसईला गेली. बळीराम मुळातच कमी बोलणारा. “तू म्हनशील तिकरं,” एवढंच म्हणून तो शेतातली कामं टाकून निघाला होता. वाटेत त्याने विचारलं ते फक्त, तहान लागलीय का.

आल्बिना मिस व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. चहाही मागवला नाही. “बसा,” म्हणाल्या. जिजाने प्रमाणपत्रांची फाईल पुढे केली. कुठेही गेलं की आधी तीच पुढे करायची, असं काकाने तिला पढवलं होतं.

“ही ठाऊक आहेत मला. मार्कशीट दाखव.”

मिसनी मार्कशीट सावकाश वाचली. गणितावर बोट ठेवून थांबल्या, भूगोलावर पुन्हा थांबल्या. मग ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला.

“काय शिकायचंय तुला?”

बळीरामने जिजाकडे पाहिलं. जिजाने प्रमाणपत्रांची फाईल परत मांडीवर घेतली.

दोन आठवडे अख्खं घर तिच्यासाठी कॉलेज निवडत होतं, आणि हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. तिलासुद्धा.