उत्तरेतली भावंडं

"उत्तरेतल्या आपल्या भावंडांसाठी आमचं दार सताड उघडं आहे," कॉर्मॅक डब्लिनच्या संसदेत गरजला. ब्रिटनकडे असलेला उत्तर भाग आयर्लंडला जोडण्याच्या तयारीसाठी सरकार कायदा आणणार होतं, त्यावर चर्चा चालली होती.

प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या ऊनाला हसू आवरेना. ती त्याची सख्खी बहीण. अकरा वर्षांपूर्वी तिनं उत्तरेतल्या बेलफास्टच्या प्रोटेस्टंट ट्रेव्हरशी लग्न केलं, तेव्हापासून या कट्टर कॅथलिक दादानं तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"जाऊ दे ना," नवरा कुजबुजला. पण तिनं पर्समधला कागद काढून दोन ओळी खरडल्या आणि शिपायाकरवी खाली धाडल्या.

कॉर्मॅकनं बोलता बोलता चिठ्ठी उघडली. 'दादा, उत्तरेतून आम्ही चौघं आलोय. जेवायला येऊ?'

तो अडखळला. त्यानं वर पाहिलं. लाल केसांची दोन पोरं कठड्यावर हनुवट्या टेकून कधी न पाहिलेल्या मामाला न्याहाळत होती. थट्टा अंगाशी येणार, असं ऊनाला वाटलं.

"आपण दाराबद्दल बोलत होता," सभापतींनी आठवण करून दिली.

"कायद्याला माझा पाठिंबा आहे," एवढंच म्हणून तो मटकन खाली बसला.

ती मंडळी बाहेर आली तेव्हा तो पायऱ्यांवर वाट पाहत उभा होता. बहिणीकडे पाहायचं टाळून त्यानं मेव्हण्याला विचारलं, "पोरांना मटण चालतं ना?"

"धाकटा गाजर खात नाही," ऊनाच म्हणाली. "त्यात तो तुझ्यावर गेलाय."