डावीकडची गाडी

मफलरवाला आजही वखारीच्या मागच्या दाराने शिरला, आणि आज त्याने चक्क गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. घोड्याला थोपटावं तसा.

"हात काढा," आई म्हणाली.

त्याने काढला. "लांबी छान बसलीय, पत्र्याला एक खळगा दिसत नाही," एवढंच म्हणून तो कोपऱ्यातल्या पिंपावर जाऊन बसला.

आई बसमध्ये तिकीट तपासनीस होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिचा माणसांवरचा विश्वास घटला होता आणि पगार वाढला होता. दोन्हींचा वेग मात्र सारखा नव्हता. विनातिकीट माणूस तिला नुसत्या कानांवरून ओळखू यायचा. मफलरवाल्याचे कान भर उन्हातसुद्धा झाकलेले. आणखी पुरावा तो काय हवा?

"अगं, म्हातारा माणूस आहे. वेळ जात नसेल," लेक पॉलिश पेपर घासता घासता पुटपुटली.

"वेळ न जाणारी माणसं बागेत जातात. बंद वखारीत नाही. घास नीट. कोपरे राहिलेत."

"कोपरे तुझ्याकडे होते."

गाडी आईच्या मामाची. मामा गेला तो एक चिठ्ठी मागे ठेवून: वखारीत माझी गाडी आहे, दारातून शिरलं की डावीकडची, भाचीने घ्यावी. सोबत चावी होती, पण ती गाडीच्या कुलपात शिरेना. कुलूप गंजलं असणार. नंबरपाट्या तर केव्हाच गळून पडलेल्या. मग दोघींनी वायरीला वायर लावून काम भागवायचं ठरवलं.

उजवीकडे अगदी तशीच दुसरी एक गाडी धूळ खात पडली होती, बेवारशी. ती मात्र देवासारखी धावून आली. आधी तिचा आरसा काढला, मग कार्बोरेटर, मग दोन दारं, मग चारही चाकं. आठव्या महिन्यात तिची कळा पाहुणे उठून गेल्यावरच्या ताटासारखी झाली होती.

हे वर्ष संपलं की लेक दूरच्या गावी शिकायला जाणार होती. "गाडी असली की दर रविवारी घरी येशील," आई म्हणाली होती. "बघू," लेक म्हणाली होती. त्या एका 'बघू'वर आईने आठ महिन्यांचे सगळे रविवार लावले होते. त्याआधी दोघी दिवसाला अकरा शब्द बोलायच्या, आणि त्यातले सहा 'दार लाव' याच कामी जायचे. आता भांडायला तरी वेळ पुरत नव्हता.

आणि त्यात पहिल्या रविवारपासून हा मफलरवाला.

गाडीचं मागचं दार बसत नव्हतं तेव्हा पिंपावरून आवाज आला, "जरा उचलून लावा."

आईने उचलून लावलं. बसलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"या गाड्यांचं असंच असतं," तो म्हणाला आणि खोकला. आईने तो खोकला लक्षात ठेवला. बसमधलेही आधी खोकतात, मग खिसे चाचपतात.

लेकीने निळा रंग निवडला, तर म्हणे, "निळा उत्तम. पूर्वीसुद्धा..."

"पूर्वीसुद्धा काय?"

"पूर्वीसुद्धा निळा उत्तमच होता."

पुढच्या रविवारी दोघी आल्या तेव्हा तो डोळे मिटून स्टिअरिंगपाशी बसलेला. आईने त्याला हाताला धरून उतरवलं आणि स्टिअरिंगला साखळी-कुलूप घातलं. त्याच्या पुढच्या रविवारी तो एका मित्रालाच घेऊन आला. मित्राने गाडीभोवती फेरी मारून विचारलं, "कधी होईल?" आणि आईने तोंड उघडायच्या आत मफलरवाला म्हणाला, "पंधरा दिवस."

"ऐकलंस?" आई लेकीच्या कानाशी लागली. "गिऱ्हाईक आणतोय! डोळा आहे त्याचा गाडीवर."

"त्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आई."

"एकात. दुसऱ्याचं काय?"

रंगाच्या दिवशी स्प्रे गन आईच्या हातात होती. "हात थांबवू नकोस, ओघळ येतोय," लेक ओरडली. "मला शिकवू नकोस," आई म्हणाली आणि थांबली. ओघळ आला. मग दोघी तो घासत बसल्या आणि कशावरून कोण जाणे, हसत सुटल्या. लेकीच्या नाकावर निळा ठिपका होता. तो आईने पुसला नाही. "येईन गं दर रविवारी," लेक गाडीकडे बघत म्हणाली. आईला एकदम थिनर डोळ्यात गेल्यासारखं झालं.

"उद्याच गाडी घरी न्यायची," ती म्हणाली. "तो यायच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या पोचल्या, तर तो आधीच हजर. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि गळ्यात मफलर नाही. आईने पहिल्यांदा त्याचे कान पाहिले. अतिशय प्रामाणिक कान होते.

"साखळी तेवढी काढता?" त्याने विचारलं. आवाज इतका सभ्य होता, की आईने काढली.

तो आत बसला, खिशातून चावी काढली, कुलपात घातली आणि फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"काका, ही आमच्या मामाची..." लेकीचं वाक्य अर्धंच राहिलं. त्याने खिडकीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद पुढे केले. त्यात फोटो होता. निळी गाडी, आणि तिला टेकून काळ्याभोर केसांचा तो.

"तुमचे मामा नेहमी मागच्या दाराने यायचे," तो म्हणाला. "त्यांची डावीकडची म्हणजे ती."

दोघींनी वळून पाहिलं. ती, म्हणजे तिचं जे काही उरलं होतं ते, विटांवर उभं होतं.

"आठ महिने!" आई ओरडली. "आठ महिने समोर बसून होतात. एका शब्दाने बोलला नाहीत?"

"कितीदा ओठांवर आलं हो," तो ओशाळून म्हणाला. "पण बोललो असतो, तर तुम्ही दोघी थांबल्या असतात."